उत्तर बरोबर, समज भलतीच

ज्ञानरचनावाद हा शब्द महाराष्ट्रातल्या शाळांना आता नवा राहिलेला नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं तो आणला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं कृतीतून आणि शोधातून शिकण्याला कायद्याचा आधार दिला. २०१० मध्ये राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, आणि पुढे साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळा पाहायला ठिकठिकाणचे शिक्षक जाऊ लागले. फरशीवर रंगवलेले तक्ते, मणी, काड्या, शब्दपट्ट्या गावोगावच्या जिल्हा परिषद शाळांत दिसू लागल्या. पहिली-दुसरीच्या भाषेला आणि गणिताला त्याचा उपयोग झाला, हे मान्य करायला हवं. विज्ञानाच्या तासाला मात्र गाडी अर्ध्यात अडकली. प्रयोग थोडे वाढले, प्रदर्शनं वाढली, पण प्रश्नपत्रिका जुनीच राहिली: रिकाम्या जागा भरा, फरक स्पष्ट करा, शास्त्रीय कारणे लिहा, सुबक व नामनिर्देशित आकृती काढा. मुलानं वर्षभर हातानं काय केलं आणि त्यातून त्याच्या मनात काय बसलं, याची या प्रश्नपत्रिकेला गरजच पडत नाही. म्हणून सहावी ते दहावीला विज्ञान शिकवणाऱ्यांसाठी माझी सूचना अशी, की ज्ञानरचनावाद वर्गात आणायचा तर साहित्य जमवण्याआधी प्रश्न बदलावेत. मुलाची समज तपासणं हे धडा संपल्यावरचं काम समजू नये. धड्याची सुरुवातच तिथून करावी.

ज्ञानरचनावाद म्हणजे शिकवण्याची एक पद्धत, असा समज आपल्याकडे रूढ झाला आणि बराचसा घोळ तिथूनच सुरू होतो. मुळात तो मूल कसं शिकतं याबद्दलचा दावा आहे. पियाजे आणि व्हायगॉट्स्की हे दोघंही १८९६ सालचे. एकानं मुलाच्या स्वतःच्या विचारावर भर दिला, दुसऱ्यानं भाषेवर आणि जाणत्या माणसाच्या सोबतीवर. दोघांच्याही म्हणण्यातून एक गोष्ट निघते: नवी माहिती मुलाच्या मनात आधीपासून असलेल्या कल्पनांना जोडली जाते, आणि त्या जोडणीतच तिचा अर्थ ठरतो. डेव्हिड ऑसुबेल या मानसशास्त्रज्ञानं १९६८ मध्ये सांगितलं की शिकण्यावर सर्वांत जास्त प्रभाव मुलाला आधी काय माहीत आहे याचाच पडतो, तेव्हा ते शोधा आणि तिथून शिकवा. हा दावा खरा असेल तर त्याचे दोन परिणाम मानावेच लागतात. एक, बाकावर गप्प बसून व्याख्यान ऐकणारं मूलही मनात रचना करतच असतं. फक्त ती कोणती हे आपल्याला दिसत नाही. दोन, हातात भिंग आणि परीक्षानळी असलेलं मूल चुकीची रचनाही तितक्याच उत्साहानं करू शकतं. त्यामुळे वर्गात किती कृती झाल्या यावरून ज्ञानरचनावादाची मोजदाद होत नाही. मुलांच्या मनात काय चाललंय हे शिक्षकाला किती कळलं आणि त्यानुसार पुढचा तास किती बदलला, यावरून ती होते.

मुलांच्या मनातल्या या कल्पना किती चिवट असतात याचा पुरावा भरपूर आहे. ‘अ प्रायव्हेट युनिव्हर्स’ या १९८७ च्या माहितीपटात हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभाला आलेल्या २३ जणांना ऋतू का बदलतात असं विचारलं होतं. २१ जणांना नीट सांगता आलं नाही. पृथ्वी सूर्याच्या जवळ येते तेव्हा उन्हाळा, असंच बहुतेकांच्या मनात होतं. परिभ्रमण, अक्षाचा कल, विषुवदिन हे सगळं त्यांनी शाळेत लिहून गुण मिळवले असणार. १९९२ मध्ये डेव्हिड हेस्टेनिस आणि सहकाऱ्यांनी बल आणि गती यांच्यावर एक चाचणी तयार केली. सूत्रं नाहीत, आकडेमोड नाही, रोजच्या भाषेतले साधे प्रश्न. आणि चुकीचे पर्याय मात्र विद्यार्थ्यांच्या खऱ्या गैरसमजांतून उचललेले. सूत्रांवरची उदाहरणं सहज सोडवणारे विद्यार्थी तिथे अडखळले. पुढे १९९८ मध्ये रिचर्ड हेक यांनी अमेरिकेतल्या ६२ अभ्यासक्रमांतल्या साडेसहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचे निकाल एकत्र केले. पूर्वचाचणीत जेवढे गुण मिळवायचे राहिले होते, त्यांपैकी निव्वळ व्याख्यानांच्या वर्गांनी सरासरी २३ टक्के भरून काढले. जिथे विद्यार्थ्यांना भाकीत, चर्चा आणि लगेच प्रतिसाद यांत गुंतवलं होतं तिथे ४८ टक्के. ही आकडेवारी शिक्षकांनी स्वतःहून दिलेली, त्यामुळे उत्साही शिक्षकांचं पारडं थोडं जड असणार. तरीही दुपटीचा फरक नुसत्या उत्साहाच्या खात्यावर टाकता येत नाही.

आपल्या मुलांच्या अनुभवाजवळचं उदाहरण झाडाचं आहे. ‘वनस्पती अन्न कसे तयार करतात?’ या प्रश्नाला सातवी-आठवीतली मुलं प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या धडाधड म्हणतात. आता हाच मुद्दा वळवून विचारा: पाच वर्षांच्या झाडाचं वाळवलेलं लाकूड पन्नास किलो भरलं, तर हे वजन मुख्यतः कुठून आलं? माती, असं उत्तर देणारी मुलं कोणत्याही वर्गात भेटतात. त्यात त्यांचा दोष नाही. खत घातलं की ऊस जोमानं वाढतो, हे शेतकऱ्याच्या घरातल्या मुलानं डोळ्यांनी पाहिलेलं असतं. हवेतून लाकूड होतं हे कुणी पाहिलेलं नसतं. व्हॅन हेल्मॉन्ट यांचा १६४८ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग इथे उपयोगी पडतो. दोनशे पौंड वाळवलेल्या मातीत पाच पौंडांचं वाळुंजाचं रोप त्यांनी पाच वर्षं फक्त पाण्यावर वाढवलं. झाड १६९ पौंडांचं झालं आणि माती जेमतेम दोन औंसांनी घटली. त्यांनी निष्कर्ष काढला की झाड पाण्याचं झालं. तोही अपुराच होता, कारण कोरड्या लाकडाचं जवळजवळ निम्मं वजन कार्बनचं असतं आणि तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो. इतका काटेकोर प्रयोग करणारा माणूसही चुकीच्या निष्कर्षाला पोचला, हे मुलांना जरूर सांगावं. निरीक्षण पुरेसं नसतं, हे त्याहून चांगलं कशातूनच कळत नाही.

हे वर्गात कसं उतरवायचं, त्यासाठी आठवीच्या विजेच्या धड्यातला एक तास घेऊ. न्यूझीलंडमध्ये रॉजर ऑस्बोर्न यांनी १९८० च्या सुमारास मुलांना सेल, तार आणि बल्ब देऊन त्यांच्या कल्पना नोंदवल्या, आणि नंतर इतर देशांतही साधारण त्याच सापडल्या. काही मुलांना बल्बपर्यंत एकच तार पुरेशी वाटते. घरातल्या बल्बला लांबून पाहिलं तर एकच वायर जाताना दिसते, हे आठवा. काहींना वाटतं की सेलच्या दोन टोकांतून दोन प्रकारची वीज निघते आणि बल्बमध्ये त्यांची टक्कर होऊन उजेड पडतो. सर्वांत लोकप्रिय कल्पना मात्र अशी, की धारा एका टोकातून निघते, बल्बमध्ये थोडी खर्च होते आणि उरलेली परत येते. एकसर जोडणीची आकृती बिनचूक काढणारं, ओहमचा नियम सांगणारं मूलही ही कल्पना मनात ठेवून असतं, आणि त्याला पूर्ण गुण मिळतात. तिला बाहेर काढणारा प्रश्न सोपा आहे: दोन सारखे बल्ब एकापुढे एक जोडले, तर सेलच्या धन टोकाजवळचा बल्ब जास्त उजळ पेटेल, दुसरा जास्त उजळ पेटेल, की दोन्ही सारखेच?

रिचर्ड व्हाइट आणि रिचर्ड गनस्टोन यांनी मांडलेला भाकीत, निरीक्षण, स्पष्टीकरण हा क्रम इथे वापरावा, आणि त्यातलं भाकीत कधीही गाळू नये. प्रयोग आधी दाखवला तर मूल ‘मला माहीतच होतं’ म्हणून मोकळं होतं. भाकीत वहीत लिहून घ्यावं, एका ओळीच्या कारणासह. मग डोळे मिटायला लावून छातीशी एक, दोन किंवा तीन बोटं धरायला सांगावीत. उघड हात वर करायला लावले तर सगळे वर्गातल्या हुशार मुलाकडे बघून हात वर करतात. कोणत्या उत्तराला किती बोटं आली ते फळ्यावर लिहावं आणि बरोबर कोण हे न सांगता शेजाऱ्याशी वाद घालू द्यावा. हार्वर्डमध्ये एरिक मझूर यांनी १९९१ पासून मोठ्या वर्गांत हेच केलं: मत, शेजाऱ्याशी चर्चा, पुन्हा मत. साधारण एकतृतीयांश ते दोनतृतीयांश मुलांचं उत्तर बरोबर असेल तेव्हा चर्चेचा उपयोग सर्वाधिक होतो. त्याहून कमी असेल तर आधी थोडं शिकवावं लागतं आणि जास्त असेल तर पुढे जावं. प्रश्न विचारल्यावर थांबण्याचंही शास्त्र आहे. मेरी बड रो यांच्या १९७० च्या दशकातल्या अभ्यासात शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबत असल्याचं आढळलं. थांबणं तीन सेकंदांवर नेलं तेव्हा मुलांची उत्तरं लांबली आणि एरवी गप्प राहणारीही बोलू लागली.

आता प्रयोगातल्या बारीक गोष्टी, कारण तास फसतो तो इथेच. एलईडी वापरू नका. ते एकाच दिशेनं पेटतात आणि दीड व्होल्टच्या एका सेलवर बहुधा पेटतच नाहीत, त्यामुळे मुलं भलतेच निष्कर्ष काढतात. तारेचे जुने टॉर्चचे बल्ब शोधून ठेवा, अडीच व्होल्टचे. दोन सेलवर दोन बल्ब एकसर जोडले की ते मंद लालसर पेटतात; खिडक्या लावून घ्या. एकाच पाकिटातले बल्बही अगदी सारखे नसतात, त्यामुळे एखादा किंचित जास्त उजळ दिसू शकतो, आणि ‘धारा खर्च होते’ म्हणणारी मुलं लगेच तेच बोट दाखवतात. अशा वेळी गडबडून जाऊ नका आणि ‘सारखेच समजा’ असंही म्हणू नका. बल्बांची अदलाबदल करा. उजळपणा बल्बाबरोबर सरकला तर दोष बल्बाचा; जागेवर राहिला तर मुलांचं म्हणणं विचारात घ्यावं लागेल. असा पडताळा कसा घ्यावा हे मुलांनाच विचारलं तर तासातला सर्वांत मोलाचा भाग हाच ठरेल. त्यानंतर शून्य ते एक अँपिअरचा अमीटर बल्बांच्या आधी, मधे आणि नंतर असा तीन ठिकाणी एकसर जोडून वाचन घ्या. तीन अँपिअरच्या अमीटरवर एवढी लहान धारा नीट वाचता येत नाही. अमीटर थेट सेलच्या दोन टोकांना लावू नये आणि घरातल्या विजेवर यातलं काहीही करू नये, हे फळ्यावर लिहूनच ठेवावं.

अमीटरनं तिन्ही ठिकाणी सारखाच आकडा दाखवला म्हणून मुलाची कल्पना लगेच बदलेल अशी अपेक्षा करू नका. पॉस्नर, स्ट्राइक, ह्यूसन आणि गर्टझॉग यांनी १९८२ मध्ये मांडलं की जुनी कल्पना सोडायला तिच्याबद्दल असमाधान तर हवंच, शिवाय नवी कल्पना समजणारी, पटणारी आणि पुढे उपयोगी पडणारी असावी लागते. इथे मुलाचा पुढचा प्रश्न अगदी रास्त असतो: धारा खर्च होत नसेल तर सेल उतरतो कसा? बहुतेक तास याच वळणावर सोडून दिले जातात. मुलाला जे जाणवतंय त्यात तथ्य आहे, काहीतरी खर्च होतंच. ते धारा नाही, सेलमधल्या रसायनांत साठलेली ऊर्जा आहे, आणि ती बल्बमध्ये उष्णता आणि प्रकाश होऊन बाहेर पडते. सायकलची साखळी फिरून फिरून पुन्हा पेडलच्या दातेरी चाकावर येते, तिची एकही कडी मागच्या चाकात खर्च होत नाही, तरी पायाचा जोर मागे पोचतो. हा दृष्टान्त जपून द्यावा आणि तो कुठे लंगडा पडतो हेही मुलांकडूनच काढून घ्यावं. ऊर्जा आणि धारा यांतला हा फरक कोणतंही मूल बल्ब-सेलशी खेळून स्वतः शोधून काढणार नाही. तो शिक्षकानंच सांगायचा असतो, स्पष्ट शब्दांत, फळ्यावर आकृती काढून.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप समोर येतो. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी २००६ मध्ये ठामपणे लिहिलं की कमी मार्गदर्शनाच्या पद्धती नवशिक्याच्या स्मरणशक्तीवर नको तेवढा भार टाकतात, आणि थेट शिकवणंच अधिक परिणामकारक असतं. त्याआधी २००४ मध्ये डेव्हिड क्लार आणि मिलेना निगम यांनी दाखवलं होतं की एका वेळी एकच घटक बदलून प्रयोग कसा करावा हे मुलांना सरळ शिकवलं, तर स्वतःहून शोधायला सोडलेल्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त जणांना ते येतं. हे आक्षेप खरे आहेत आणि ते मान्य करण्यात ज्ञानरचनावादाचं काही बिघडत नाही. मुलांना साहित्य देऊन ‘शोधा’ म्हणून शिक्षक बाजूला होणार असेल, तर ती पद्धत टाकून द्यावी. २०११ मध्ये अल्फिएरी आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा मोकाट शोध थेट शिकवण्यापेक्षा मागे पडला, पण मार्गदर्शन असलेला शोध मात्र इतर पद्धतींच्या पुढे गेला. सांगण्याला विरोध नाहीच. सांगायचं कधी, हा प्रश्न आहे. मुलानं भाकीत केलं, ते चुकलं, त्याला कुतूहल लागलं, अशा वेळी पाच मिनिटांचं नीट सांगणं अर्ध्या तासाच्या व्याख्यानाचं काम करतं. संज्ञा, एककं, चिन्हं, सुरक्षेचे नियम, साधनं वापरायची रीत हे सगळं सरळ सांगावं. कूलोम हे नाव मुलांनी शोधून काढावं अशी अपेक्षा कुणीच करू नये.

दुसरा आक्षेप तत्त्वाचा वाटतो, पण वर्गात तोही भेडसावतो: मूल आपलं ज्ञान स्वतः रचतं असं म्हटलं, तर प्रत्येकाचं उत्तर आपापल्या जागी बरोबर का मानू नये? असं मानायचं कारण नाही. मुलाची कल्पना त्याच्या विचाराचा पुरावा म्हणून आदरानं ऐकावी. निसर्गाबद्दलचं विधान म्हणून तिला अमीटरसमोर उभं राहावंच लागेल. ‘छान, तुझंही बरोबर’ म्हणून विषय मिटवणारा शिक्षक मुलाचा आदर करत नाही, त्याच्याशी वाद घालायचं टाळतो.

वेळेचा प्रश्न खरा आहे. साठ मुलांचा वर्ग, पस्तीस-चाळीस मिनिटांची तासिका, मधे निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामं. म्हणून प्रत्येक धड्याला हे करू नये. एका सत्रात चार-पाच कळीच्या कल्पना निवडाव्यात, ज्या चुकल्या तर पुढचं सगळं डगमगतं: बल नसलं तरी गती टिकते, द्रव्य कणांचं आहे आणि कणांच्या मधे रिकामी जागा आहे, उष्णता आणि तापमान वेगळं, झाडाचं वस्तुमान हवेतून आणि पाण्यातून, धारा खर्च होत नाही. बाकीचा अभ्यासक्रम नेहमीसारखा शिकवावा. या चार-पाच ठिकाणी घातलेला वेळ दहावीच्या उजळणीत परत मिळतो, कारण चुकीच्या पायावर बांधलेलं पाठांतर दरवर्षी नव्यानं करून घ्यावं लागतं.

आता प्रश्नपत्रिका. ‘शास्त्रीय कारणे लिहा’ हा प्रश्नप्रकार मुळात समजेसाठीच होता, पण पुस्तकातलीच कारणं विचारली जाऊ लागल्यावर तो स्मरणाचा झाला. गाईडमध्ये त्यांची उत्तरं तयार असतात. तो टाकून देण्याची गरज नाही, प्रसंग बदलला तरी पुरे. ‘हिवाळ्यात लोकरीचे कपडे का वापरतात?’ याऐवजी विचारा: बर्फाचा एक खडा लोकरीच्या शालीत गुंडाळला आणि तेवढाच दुसरा ताटलीत उघडा ठेवला, तर आधी कोणता वितळेल आणि का? लोकर उष्णतेची दुर्वाहक असते हे वाक्य न अडखळता लिहिणारी कितीतरी मुलं इथे शालीतला बर्फ आधी वितळेल असं म्हणतील, कारण शाल ‘गरम’ असते. बर्फाच्या लाद्या गोणपाटात आणि लाकडाच्या भुशात का ठेवतात हे त्यांनी पाहिलेलं असतं, पण पुस्तकातल्या लोकरीशी ते कुणी जोडून दिलेलं नसतं. बहुपर्यायी प्रश्न वापरायचे असतील तर ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड ट्रेगस्ट यांनी १९८० च्या दशकात रूढ केलेली दुहेरी रचना घ्यावी: पहिल्या भागात उत्तर, दुसऱ्या भागात त्याचं कारण, आणि दोन्ही जुळली तरच गुण. पर्याय मनानं रचू नयेत. मुलांच्या वह्यांतून सापडलेले खरे गैरसमजच पर्याय म्हणून द्यावेत; मग चुकीचं उत्तरही तुम्हाला काहीतरी सांगतं.

तपासताना गुणांच्या आधी पायऱ्या ठरवाव्यात. बर्फाच्या प्रश्नाला ‘शाल ऊब देते म्हणून आधी वितळेल’ ही सर्वांत खालची पायरी. ‘शालीतला उशिरा वितळेल, कारण शाल थंडावा धरते’ हे उत्तर निष्कर्षात बरोबर असलं तरी कल्पना जुनीच आहे. त्याला पूर्ण गुण देऊ नयेत. शालीत अडकलेल्या हवेमुळे बाहेरची उष्णता आत जायला वेळ लागतो, ही पुढची पायरी. अंगावरच्या शालीत हीच गोष्ट उलट दिशेनं घडते, अंगाची उष्णता बाहेर जाऊ शकत नाही, असं जे मूल न विचारता लिहितं त्याला विषय कळला. असं मूल्यमापन शिक्षकाच्या मर्जीवर राहतं, असं म्हणतात. पायऱ्या आधी लिहून ठेवल्या आणि दहा-पंधरा उत्तरपत्रिका दोन शिक्षकांनी स्वतंत्रपणे तपासून ताडून पाहिल्या, तर ती शंका बरीचशी फिटते. निबंध तपासताना आपण याहून कितीतरी जास्त मर्जी चालवतो आणि त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही.

आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक हे सगळं आधीच आहे. कमतरता आहे ती वापराची. वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या आता मोबाइलवर फिरतात, आणि ‘प्रयोगात उत्साहाने भाग घेतो’, ‘विज्ञानाची आवड आहे’ अशी वाक्यं वर्गातल्या निम्म्या मुलांच्या नावापुढे चिकटतात. अशा नोंदीवरून उद्याच्या तासाला काय करायचं ते कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘धारा बल्बमध्ये थोडी संपते असे मानते, दोन्ही बल्ब सारखे पेटलेले पाहूनही दुसऱ्याला उरलेली धारा मिळते म्हणाली, अमीटरची वाचने तिलाच घ्यायला सांगायची.’ साठ मुलांच्या अशा नोंदी रोज होणार नाहीत. दर तासाला पाच-सहा मुलं निवडली तर महिनाभरात सगळी होतात. वहीवर शेरा देताना गुण लगेच लिहू नयेत. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये इस्राएलमधल्या शाळांत तुलना केली, तेव्हा फक्त शेरा मिळालेल्या मुलांची कामगिरी सुधारली. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांची सुधारली नाही, कारण गुण दिसले की शेरा कुणी वाचत नाही. नोंदवहीत गुण भरावे लागतात, ते भरा. मुलाच्या वहीत मात्र आठवडाभर शेराच राहू द्या आणि त्यावर एक वाक्य लिहून मागा.

परीक्षाच बदलता येते याचा भारतातला दाखला म्हणजे होशंगाबाद विज्ञान. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी १९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्याच्या १६ शाळांत हा कार्यक्रम सुरू केला. पुढे एकलव्य संस्थेनं तो सांभाळला आणि सुमारे हजार सरकारी शाळांपर्यंत तो पोचला. सहावी ते आठवीची मुलं परीक्षेला पुस्तक आणि स्वतःच्या प्रयोगवह्या घेऊन बसत, आणि वेगळी प्रात्यक्षिक परीक्षाही असे. पुस्तक समोर असताना पाठांतराचा प्रश्न विचारण्यात अर्थच उरत नाही, म्हणून शिक्षकांना विचार करायला लावणारे प्रश्न काढावेच लागत. २००२ मध्ये सरकारनं हा कार्यक्रम बंद केला. त्याच्या यशापयशाबद्दल वाद आहेत, पण ग्रामीण भागातल्या साध्या शाळांत, नेमणुकीवरच्या नेहमीच्या शिक्षकांकडून, तीन दशकं हे चाललं, एवढी गोष्ट वादापलीकडची आहे. दहावीची बोर्डाची परीक्षा आपल्या हातात नाही. घटक चाचणी, प्रथम सत्राची परीक्षा आणि आकारिक मूल्यमापनातली चाचणी शाळेच्या हातात आहेत. त्यांतला एक प्रश्न तरी पुस्तक उघडं ठेवून द्यायला आडकाठी नाही. बोर्डासाठी उत्तर मांडण्याचा सराव शेवटच्या काही महिन्यांत वेगळा करून घ्यावा लागेल, आणि त्याची लाज वाटण्याचं कारण नाही.

भाषेकडे विशेष लक्ष द्यावं लागतं. मेळघाटातलं कोरकू बोलणारं किंवा गडचिरोलीतलं गोंडी बोलणारं मूल प्रमाण मराठीत कारण लिहू शकलं नाही, म्हणजे त्याला कारण माहीत नाही असं होत नाही. भाकिताच्या वेळी घरची बोली चालेल हे आधीच सांगावं. बाण काढून धारा दाखवायला सांगितलं तर एक वाक्यही न लिहिता मुलाची कल्पना समोर येते. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मराठी मुलांबाबत उलटा घोळ होतो: संज्ञा तोंडपाठ असतात आणि त्यांच्या आड रिकामी जागा झाकून जाते. त्यांना मुद्दाम मराठीत, त्या संज्ञा न वापरता समजावून सांगायला लावावं.

ही कामं एकट्यानं केली तर सत्राअखेर दमछाक होते. केंद्राच्या शिक्षण परिषदेत विज्ञानाच्या शिक्षकांनी दर वेळी एकच कल्पना घ्यावी. प्रत्येकानं आपल्या वर्गातली दहा चुकीची उत्तरं आणावीत, नावं झाकून. ती एकत्र मांडून त्यांचे गट पाडावेत, प्रत्येक गटासाठी एक प्रश्न आणि एक पडताळा लिहून काढावा, आणि पुढच्या परिषदेपर्यंत तो वापरून पाहावा. तोच प्रश्न सहा-सात आठवड्यांनी, वेगळ्या प्रसंगात आणि न कळवता, पुन्हा विचारावा. बरीच मुलं जुन्या कल्पनेकडे परत गेलेली आढळतील. ती कोण आहेत त्यांची यादी करून, पुढच्या धड्याची सुरुवात त्यांच्याच भाकितानं करावी.